मोरजीला निघालेलं घर

मेस्त्रीने वसरीतल्या खांबावर खडूने आकडा लिहिला आणि तो पुढच्या खांबाकडे वळला, तेव्हा सुविधाने ओढणीच्या टोकाने तो आकडा पुसून टाकला. मेस्त्रीने मागे पाहिलं. त्याने तोच आकडा पुन्हा लिहिला, या वेळी बराच वर, तिचा हात पोचणार नाही अशा जागी.

गौरेश अंगणातून बघत होता.

"बाय, आकडो पुसलस म्हणान घर रवतला?"

"मला न विचारता लिहिलाच कसा?"

"हय वर्ग नाय तुजो," तो म्हणाला.

राग आला की सुविधा बाबांसारखी पुस्तकी मराठी बोलते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ती फोंड्याला कॉलेजात मराठी शिकवायची. बाबा आयुष्यभर पेडण्यातल्या मराठी शाळांतून मास्तर होते. कोरगावच्या या वाड्यावर त्यांच्या घराला अजून मास्तरांचं घर म्हणत, आणि मास्तर जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. ते फाल्गुनात गेले, शिगम्याचे ढोल वाजत असताना. आता दिवाळी तोंडावर आली होती.

त्या वर्षावरूनच भावंडांचं भांडण पेटलं होतं. वर्षश्राद्ध होईपर्यंत घराची कौलं हलवायची नाहीत, असं सुविधाचं म्हणणं. गौरेशचं म्हणणं, तोवर मोरजीचा पर्यटकांचा हंगाम संपेल आणि घर घेणारी बाई दुसरीकडे बघेल. फोनवर ते इतकं बोलून झालं होतं की समोरासमोर आल्यावर दोघांकडे नवं काही उरलं नव्हतं.

"आयेक विचारलस?" गौरेशने विचारलं.

"तुझ्यापुढे ती काय बोलणार आहे?"

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मग तो टेम्पोवाल्याला गाडी कुठे लावायची ते सांगायला निघून गेला.

घर घेणारी बाई शीतल. मूळची पुण्याची, काही वर्षांपासून मोरजीला राहणारी. जुनी लहान घरं, खांब-वाशांवर आकडे घालून, उतरवून ती आपल्या माडांच्या बागेत पुन्हा उभी करायची आणि पाहुण्यांना राहायला द्यायची. वागायला इतकी नम्र होती की सुविधाला तिच्यावर धड चिडताही येत नव्हतं, आणि त्यामुळे चीड अधिकच साचत होती. आल्याआल्या तिने देवाच्या खोलीबाहेर चपला काढल्या होत्या. खांबावरून हात फिरवून फणसाचं लाकूड कोणतं आणि किंदळाचं कोणतं, ते अचूक ओळखलं होतं. आणि बोलताना प्रत्येक वेळी ती 'वाचवणं' हाच शब्द वापरत होती.

"आम्ही घर वाचवतो, ताई. नाहीतर वाळवी खाते, नाहीतर कोणी जळणाला नेतं."

"आणि भिंती?"

"मातीच्या भिंती नेता येत नाहीत. त्या तिथे नव्याने घालू. लाकूड मात्र सगळं असंच उभं राहील. तुम्ही कधीही या, राहा."

"पाहुणी म्हणून," सुविधा म्हणाली.

शीतलने हातातल्या टॅबवर नकाशा उघडला. बहुधा तिला वाटलं असेल, सगळं डोळ्यांनी दिसलं की या बाईचं मन जरा निवेल. वसरी होती तशीच. देवाची खोली होती तशीच, फक्त आत पुस्तकांची कपाटं. मधल्या खोलीत पलंग, आणि त्या खोलीला लागूनच एक लहानसा चौकोन.

"हे काय?"

"बाथरूम. आजकाल पाहुण्यांना आतच लागतं."

सुविधाने टॅबवरून नजर उचलली.

"या खोलीत माझे बाबा वर्षभर पडून होते. याच खोलीत गेले. तिथे तुम्ही संडास बसवणार?"

शीतलचे कान लाल झाले. चौकोन दुसरीकडे हलवता येईल, पण पाण्याचा उतार बघावा लागेल, असं काहीतरी ती पुटपुटली. तेवढ्यात आई उठून आली. रांदपाच्या खोलीच्या, स्वयंपाकघराच्या, उंबऱ्याशी बसून ती देवापुढच्या गाऱ्हाण्यासाठी विड्याची पानं ओल्या फडक्याने पुसत होती. ते फडकं तसंच हातात होतं. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागायचा, आणि ती येऊन पोचेपर्यंत दोघी थांबल्या.

"खंय म्हणालस गो?"

शीतलने बोट ठेवून दाखवलं. आईने डोळे बारीक करून पाहिलं.

"दार खंयच्यान?"

"खोलीतूनच, काकू."

"आतसून?"

"हो."

"पावसात भायर येवचा नको?"

"नाही, काकू. सगळं आतच."

आई तो चौकोन बघत राहिली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती आता रडेल असं सुविधाला वाटलं, आणि ते बंद करा, असं तिने शीतलला जरा जोरातच सांगितलं. आई परत उंबऱ्याशी जाऊन बसली. एकदा पुसून झालेलं पान ती पुन्हा पुसू लागली.

सुविधा मागल्या दारी गेली. परसाच्या टोकाला, फणसापलीकडे, चिऱ्यांची न्हाणी होती. शेजारी संडास. चिऱ्यांच्या फटींतून नेच्याची पानं उगवली होती. पावसाळ्यात या भिंती हिरव्यागार होत, आणि फोंड्याच्या तिच्या घरात त्या हिरव्या भिंतीचा फोटो चौकटीत लावलेला होता. दारापासून तिथवरच्या वाटेवर बाबांनी कधीतरी टाकलेल्या फरश्या शेवाळाने काळ्या पडल्या होत्या. ती पहिल्या फरशीपर्यंत गेली, पाय सरकला म्हणून परत फिरली.

शिवदासकाका स्कूटरवरून आले. पुढे अडकवलेल्या पिशवीत नारळ. बाबांचे धाकटे भाऊ, आणि घराण्यात गाऱ्हाणं घालण्याचा मान आता त्यांचा होता. घर बांधायचं असो की मोडायचं, देवाला, घराच्या राखणदाराला आणि पूर्वजांना उभ्याने सांगणं घालायचं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. सुविधाने त्यांना परवाच फोन केला होता, आणि त्यांनी सांगितलं होतं की घरातल्या सगळ्यांनी व्हय म्हटल्याबगर गाऱ्हाणां पावना. एक माणूस जरी गप रवला, तरी आपण नारळ उचलून घराक जातलंव.

म्हणूनच ती आली होती. भांडायला नव्हे, गप्प राहायला.

"वर्स पुराय जावंक नाय," काका गौरेशला म्हणाले. "पण बघया. म्हाराजाक सांगया, घर मोडूक नाय, मोरजेक रवाक गेला म्हणान."

"देवालाही तीच थाप?" सुविधा म्हणाली.

"देवाक थापो बऱ्यो समजतत गो," काका म्हणाले. "तो आमकां वळखता."

सगळे अंगणात तुळशीपुढे उभे राहिले. मेस्त्री आणि त्याची माणसं जरा मागे. शीतलने चित्रीकरणासाठी फोन काढला होता. गौरेशने मान हलवल्यावर तिने तो परत ठेवून दिला. काकांनी नारळ पानांवर ठेवला, हात जोडले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज हयसर तुजी लेकरां एकठांय जमल्यात."

"व्हय म्हाराजा."

सुविधाने तोंड मिटलेलं ठेवलं. काकांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. गौरेशनेही पाहिलं.

"वाडवडिलांनी ह्या घर बांदला, तुज्या राखणेत ता हयसर उबा रवला."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरात वावरताना, तुजी सेवा करताना, घरच्या माणसांकडसून काय चूक जाली आसात, काय उणां पडला आसात, तर ता पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गौरेश म्हणाला. मेस्त्रीही म्हणाला.

काका पुढे बोलायला गेले आणि थांबले. सुविधाकडे नव्हे, तिच्या शेजारी बघत.

"वैनी, व्हय म्हणा."

"कसली चूक?" आईने विचारलं.

"तशी म्हणूची रीत आसा."

"रीत माका खबर आसा." आईचा आवाज चढला नव्हता. "तीस वर्सां न्हाणी मागलंय, भावजी. घरात एक न्हाणी. पाण्याची वल लागान वाशे कुसतले, मास्तर म्हणाले. माजे गुडगे गेले, तरी वाशे कुसतले. मागीर तेंकाच पडान रवची पाळी इली. तेंचा सगळा भांड्यात, हातान धरून ह्याच परसातसून पावसात भायर न्हेलंय, तेव्हांय वाशेच. ही सुविधा आयतवारी येय, तेव्हां सगळा धुवन पुसून आसायचा."

आईने शीतलच्या दिशेने पाहिलं.

"आता थंय मोरजेक कोण खंयचो येतलो, तेका आतसून दार. माजी चूक खंयची ती सांगा. मागीर म्हणतंय."

"वैनी, गेल्ल्या मनशाक..."

"तो गेलो म्हणान बरो जालो?"

आईने बाबांना एकेरीत कधी संबोधलं नव्हतं. ना त्यांच्यासमोर, ना त्यांच्या पाठी, ना भांडणात. गौरेशने झटकन तिच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. आईच्या हातात अजून ते ओलं फडकं होतं. पिळून पिळून त्यातलं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

काकांनी हात खाली घेतले होते. आता नारळ उचलून ते स्कूटरकडे जातील, असं सुविधाला वाटलं. तिला हवं होतं ते असंच होणार होतं, आणि त्यासाठी तिला काहीही करावं लागणार नव्हतं. तिने मधल्या खोलीच्या जनेलाकडे पाहिलं. दर रविवारी त्या खिडकीशी बसून तिने बाबांना पुस्तकं वाचून दाखवली होती. आई तेव्हा कुठे असायची, ते तिला आठवेना.

काकांनी पुन्हा हात जोडले. मग बोलले, तेव्हा शब्द सवयीचे नव्हते आणि ते एकेक शोधून काढत होते.

"म्हाराजा... ह्या घराच्या धन्याकडसून, माज्या भावाकडसून, ह्या घरच्या लक्षुमेक जाणां-अजाणां काय उणां पडला आसात, तर ती चूक तेच्या पदरात घाल. हिच्या नको म्हाराजा."

कोणीच काही म्हटलं नाही. मेस्त्रीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. गौरेशचे ओठ हलले, पण त्याला म्हणवेना. वर्षश्राद्धाला बाबांना पिंड द्यायचा होता तो त्यानेच. काका मान न उचलता वाट बघत राहिले.

सुविधाने तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर हात टेकून तिने अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"फुडें म्हणा, भावजी," ती म्हणाली.