पीठ माझं, हात तुझा

बनुबाईने फोनवर मला दोनदा सांगितलं होतं, "पहिली भाकर तुझीच, विमे. पीठ मी आनते." म्हणून मी माझी जुनी काठवट रिक्षात घालून मंगल कार्यालयात नेली. नात म्हणाली, "आजी, तिथं आचारी आहेत, हे लाकूड कशाला?" मी म्हटलं, पन्नास वर्षं याच काठवटीत पीठ मळलंय, आज काय तिला घरी ठेवू?

कोल्हारात आमचं मंडळ 'भाकरी मंडळ' म्हणूनच ठाऊक आहे. कागदावर नाव समता मंडळ. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर मी आणि बनुबाई शेजारी बसून खडी फोडायचो. मी बौद्ध वस्तीतली, ती वरच्या आळीतल्या बागायतदाराची सून. पण त्या साली विहिरी आटल्या आणि बागायतदारांच्या सुनांच्या हातातही हातोडा आला. एक दिवस तिचं पोर तापलं होतं. भाकरी करायला सवड झाली नाही, म्हणून ती फडक्यात नुसतं बाजरीचं पीठ बांधून आली. आम्ही कामावरच पाल टाकून राहत होतो, माझी चूल जवळच होती. तिने फडकं माझ्यापुढे ठेवलं. मी इकडे तिकडे बघायला लागले.

"बघतीस काय? पीठ माझं, हात तुझा. थाप."

सगळ्यांच्या देखत ती भाकर तिने खाल्ली. त्यावरूनच मंडळाचा नियम झाला. वर्षातून एकदा सगळ्या गावाची पंगत, आणि ज्याच्या घरचं पीठ त्याच्या घरचा हात लागायचा नाही. पहिल्या पंगतीनंतर सासऱ्याने तिला चार महिने गोठ्यात निजवलं. मी रडत विचारलं, "सोडायचं का हे?" तर म्हणाली, "म्हशी लई चांगल्या हायेत गं. टोमने मारत न्हाईत."

अशी होती ती. माझ्यासाठी गोठ्यात निजलेली बाई.

आता मंडळाचा अध्यक्ष तिचा नातू हर्षल. पोरगा बोलायला गोड. जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्याच्या मनात आहे. पन्नास वर्षांचा सोहळा त्याने रस्त्यालगतच्या मोठ्या कार्यालयात ठेवला. दारात केवढा तरी फलक, त्यावर आम्हा दोघींचा तरुणपणीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'पीठ माझं, हात तुझा'. मला भरून आलं.

काठवट घेऊन मी मागच्या बाजूला स्वयंपाकाच्या ठिकाणी गेले. राहुरीकडचा आचारी होता, कानिफनाथ नावाचा. धावतच आला.

"आजी, तुमी हिकडं कुठं? तुमी पावन्या. स्टेजवर बसा."

"बसते. एक भाकर थापते नि बसते."

"नगं आजी. हर्षलसाहेबांनी सांगितलंय, तुमी दमता."

"भाकर थापून कोन दमतं रे? बाजूला हो."

तो बाजूला होईना. मग हळूच म्हणाला, "मला कुनाचं काय न्हाई, आजी. म्या कुनाच्याबी हातचं खातो. पन साहेब म्हनले, मागच्या साली तुमी पीठ मळलं आन् निम्म्या भाकरी तशाच ऱ्हायल्या. कुनी उचलल्याच न्हाईत. औंदा आमदारांची मानसं हायेत पंगतीला."

मागच्या वर्षी उरलेल्या भाकरींचा ढीग मी पाहिला होता. बनुबाईला विचारलंही होतं. ती म्हणाली होती, "उसाची तोड चालू हाय ना, मानसं कमी आली."

मी काठवट उचलली आणि स्टेजवर गेले. बनुबाई आधीच खुर्चीत बसली होती. मला पाहून हसली, शेजारच्या खुर्चीवर थोपटलं. हर्षलने आम्हाला शाली पांघरल्या, नारळ दिले. मग तो माईकवर बोलायला लागला. या दोन आज्यांनी गावाला एका ताटात जेवायला शिकवलं, असं काहीतरी. टाळ्या पडत होत्या. मी तिच्याकडे वाकून विचारलं, "बने, मागच्या साली मानसं कमी आल्ती का?"

तिने मांडीवरचा नारळ सरळ केला.

"तुला ठावं हुतं?"

"हळू बोल, फोटो काढत्यात."

"ठावं हुतं का न्हाई?"

"व्हय," ती म्हणाली. "हर्षलनं सांगितलं, आजी, तू मधी पडू नगंस. विमे, तवा माझ्या अंगात जोर हुता. आता घास भरवायलाबी नातसून लागती. ह्या वयात गोठ्यात निजायला झेपंल का मला? गोठाबी न्हाई राह्यला."

तिने विनोद केला होता. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या विनोदावर हसू आलं नाही. सासऱ्याने गोठ्यात घातलं तेव्हा ती माझी होती. आज नातवाने खुर्चीत बसवलं, तर ती त्यांची झाली.

तिने खुर्चीखालून पिशवी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. बाजरीचं पीठ. अजून कोमट होतं, सकाळीच दळलेलं.

"मी शब्द मोडला न्हाई बघ. पीठ आनलंय. घरी जाऊन दोन भाकरी थाप, आन् डब्यात घालून रिक्षावाल्याकडं लावून दे. आमच्या घरी मागच्या दाराला द्यायला सांग. तुझ्या हातच्या भाकरीबिगर मला ग्वाड लागत न्हाई गं."

फोटोवाला पुढे आला. "आजी, पिशवी दोघी धरा. छान येईल."

मी पिशवी उचलून तिच्या मांडीवर परत ठेवली.

"बने, मागच्या दारानं जाईल अशी भाकर मला थापता येत न्हाई."

"विमे, बस की. लोक बघत्यात."

"बघू दे. त्या दिवशीबी बघत हुते."

मी उठले. हर्षल माईकवर हात ठेवून "आजी, आजी" करत मागे आला. मग हसून लोकांना म्हणाला की आजींची तब्येत जरा बरी नाही. मी थांबले नाही. काठवट दोन्ही हातांनी धरावी लागते, त्यामुळे खांद्यावरून घसरलेली शाल मला सावरता आली नाही. पायऱ्यांवर पडली ती तिथेच राहिली.