चौथं मशीन

समितीत तिला सगळे पावतीबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं 'बाई', माघारी 'पावतीबाई'. सरकारने खर्च दाखवलेला पैसा खरंच त्या कामाला लागला का, हे बघणारी संसदेची ती समिती. सहा वर्षं ती तिथे होती आणि प्रत्येक बैठकीत तिचा एकच धोशा: "सांगू नका, दाखवा." अधिकारी तिला टरकून असत. बाकीचे सदस्य बिस्किटं खात आणि घड्याळाकडे बघत.

तर झालं काय, लेखापरीक्षकांनी एक आक्षेप काढला. जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात डायलिसिसची चार मशीनं घेतली असं कागद सांगत होता, आणि तपासायला गेलेल्यांना तीनच दिसली. चौथं गेलं कुठे? आरोग्य खात्याचे सचिव म्हणाले, दुरुस्तीला गेलं होतं, आलंय परत. पावतीबाई म्हणाली, "छान झालं. आम्ही येऊन बघतो." अध्यक्षसाहेबांनी बरेच आढेवेढे घेतले, पण बाई एकदा हट्टाला पेटली की ऐकते कुणाचं? भेट ठरली. नियमाप्रमाणे खात्याला पंधरा दिवस आधी कळवण्यात आलं. हा नियम कुठल्या शहाण्याने केला, देव जाणे. आम्ही अमुक वारी अमुक वाजता तुमची लबाडी पकडायला येतोय, तयारीत राहा!

बाईला या मशिनांचा एवढा पुळका का, तेही सांगून टाकतो. तिचा थोरला भाऊ याच जिल्ह्यात, तासाभरावरच्या एका लहान गावात राहायचा. वडील गेल्यावर यानेच बस चालवून तिला शिकवलेलं. जन्मभर बस चालवली, निवृत्त झाला, आणि वर्षाच्या आत मूत्रपिंडांनी संप पुकारला. गावातल्या छोट्या इस्पितळात एकुलतं एक मशीन. सकाळी दादा, दुपारी एक शिंपीणबाई, आठवड्यातून तीनदा. वहिनी त्या मशीनला सवत म्हणायची. "माझ्याजवळ कधी चार तास एका जागी बसले नाहीत, आणि हिच्याजवळ बघा कसे मुकाट बसतात!" तिची बडबड थांबेना, म्हणून दादाने जुन्या बसमधली एक पट्टी आणून मशीनच्या मागच्या अंगाला चिकटवली होती: 'चालकाशी बोलू नये.' ती पाहून बाई पोट धरधरून हसली होती.

भेटीच्या दिवशी मोठ्या इस्पितळात ताज्या रंगाचा वास येत होता. वॉर्डात चार खाटा, चार पांढऱ्याशुभ्र चादरी, चार मशीनं. इस्पितळाचे अधीक्षक पहिलीच्या मास्तरांसारखे बोट ठेवत गेले. "एक. दोन. तीन. आणि हे चार." सदस्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी जेवणाचं विचारलंसुद्धा.

बाई मात्र सवयीप्रमाणे मशिनांच्या मागे गेली. समोरून सगळं पुसूनबिसून लखलखीत केलेलं होतं. मागे बघायला कोण जातंय, असं वाटलं असेल पुसणाऱ्याला. चौथ्या मशीनच्या मागे, वायरीच्या वर, पट्टी होती. चालकाशी बोलू नये.

तिने तिथेच वहिनीला फोन लावला.

"अगं, सकाळी येऊन बघतो तर मशीनच नाही," वहिनी रडकुंडीला आली होती. "काल टेम्पोत घालून नेलं म्हणे, दुरुस्तीला. शिंपीणबाई पण आलीय, बसलीय बाकावर. यांची पावलं बघशील तर टम्म फुगलीत. तू मोठ्या लोकांत असतेस, बोल ना कुणाशी तरी!"

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सगळ्यांसमोर ओरडली, "हे मशीन इथलं नाही! हे माझ्या दादाचं मशीन आहे!"

आणि बोलल्याबोलल्या तिला कळलं की घात झाला. सहा वर्षांत तिने बैठकीत एक शब्द वावगा बोललेला नव्हता, आणि आज नेमकं जिथे तोलून बोलायचं तिथे हे बोलून बसली. सचिवांनी आवाजही चढवला नाही. फक्त इतकंच विचारलं, "म्हणजे बाईंच्या घरच्यांचा या प्रकरणात संबंध आहे? समितीला आधी कल्पना दिली होती का?" जेवणाचं विचारणारे गृहस्थसुद्धा बाईकडे टकमक बघायला लागले.

अध्यक्षसाहेब तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. माणूस गोड. सरकारशी भांडायला विरोधी पक्षाने त्यांना अध्यक्ष केलं होतं आणि त्यांचं आजवर कुणाशीही भांडण झालेलं नव्हतं.

"बाई, जरा शांत डोक्याने ऐका. तुम्ही आवाज उठवलात, तर मशीन पुरावा म्हणून सील होणार. चौकशी बसणार. आणि आपल्याकडे चौकशी एकदा बसली की उठते का? तोवर ते मशीन ना यांचं, ना तुमच्या दादांचं."

"मग मी काय करू?"

"आजच्या भेटीच्या टिपणावर सही करा. चार मशीनं पाहिली. अहो, खरंच पाहिलीत ना? संध्याकाळच्या आत मशीन परत जाईल. सचिवांनी शब्द दिलाय मला."

बाईच्या डोळ्यांपुढे दादाची पावलं होती. तिला स्वतःची लाज वाटली, किळस आली. तरी तिने सही केली. सहा वर्षं जगाला 'दाखवा' म्हणून सांगणारी बाई त्या दिवशी नुसत्या शब्दावर विसंबली. पावतीसुद्धा मागितली नाही तिने.

संध्याकाळी मशीन गेलं नाही. सकाळी तिने अधीक्षकांना फोन केला, तर ते बिचारे काकुळतीला आले.

"बाई, टेम्पो बोलावलेला होता, तुमची शपथ. पण टिपण वर गेलं. चार मशीनं आहेत, समितीने स्वतः पाहिली, आक्षेप निकाली. आता त्यातलं एक इथून हललं तर संसदेची दिशाभूल केली असं होईल. माझी नोकरी जाईल हो. पोरंबाळं आहेत मला."

"अहो, मग निदान तिथे तरी माझ्या दादाला लावा! शिंपीणबाईला लावा!"

"कसं लावणार? पाण्याची लाइन तीनच मशिनांना आहे. चौथ्याला जोडणीच नाही. आणि त्या तिघांना आधीच ही एवढी रांग."

सचिव फोन उचलेनात. तिसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली, अधिवेशनाचा शेवटचा आठवडा होता, सगळ्यांना घाई. बाई म्हणाली, माझं वेगळं मत नोंदवा. अध्यक्षसाहेबांनी अगदी प्रेमाने समजावलं की या समितीत तशी सोयच नाही, अहवाल सगळ्यांचा मिळून एकच असतो. "आणि बाई, टिपणावर पहिली सही तुमचीच आहे." तिने ते टिपण हातात घेऊन बघितलं. होती खरी. दुसऱ्या दिवशी सभागृहात कागदांच्या एका गठ्ठ्याबरोबर तो अहवाल मांडला गेला. मांडणाऱ्याने वर मानही केली नाही.

मग बाईने जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. ओळख काढली. राजधानीतल्या इस्पितळात कुणाच्या तरी कुणाला गाठून एक जागा मिळवली. दोन मागितल्या होत्या. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, एक मिळतेय हेच नशीब समजा."

ती गाडी घेऊन गावात पोचली तेव्हा दादा छोट्या इस्पितळाच्या फाटकाशी बसला होता. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं, श्वास लागत होता. शेजारी शिंपीणबाई, तशीच. मशीन आज येईल, उद्या येईल, म्हणून दोघं रोज इथेच येऊन बसत. वहिनीने पिशवी गाडीत टाकली. दादाने दाराला हात लावला आणि थांबला.

"धाकटे, शिंपीणबाईचं काय?"

"तिचंही बघते, दादा."

"जागा एकच आहे का?"

तिने मान खाली घातली. एकही प्रवासी मागे राहिला तर गाडी हलवत नाही, अशी त्याची ख्याती होती. त्यावरून किती वेळा साहेबांची बोलणी खाल्ली होती त्याने. तो बराच वेळ दाराला धरून उभा राहिला.

"मला मरायची भीती वाटते गं," तो हळूच म्हणाला. मग मागच्या सीटवर बसला आणि रुमालाने तोंड झाकून घेतलं. वहिनी शेजारी बसली.

गाडी सुरू झाली तशी शिंपीणबाई कशीबशी उठून खिडकीशी आली. दादाच्या हाताखाली ठेवायला तिने एक छोटी उशी शिवून आणली होती. ती आत देत बाईला म्हणाली, "ताई, दादा नेहमी सांगतात, आमची धाकटी सरकारलासुद्धा जाब विचारते म्हणून. आपलं मशीन कधी येईल हो?"

बाईने उशी दादाकडे दिली.

"येईल," ती म्हणाली. "त्यांनी शब्द दिलाय."

"मग झालं तर," शिंपीणबाई म्हणाली आणि सुजलेली पावलं ओढत पुन्हा फाटकाशी जाऊन बसली.