वाऱ्यानं आणलेला बर्फ

ऐन हिवाळ्यात, बहमन महिन्यातल्या त्या शुक्रवारी इराणातल्या अल्बोर्झ पर्वताच्या खिंडीखाली तिघं जण येऊन थांबली: माहरुख, तिची धाकटी बहीण शोले आणि शोलेचा नवरा इरज. समोर पसरट घळ, तिच्यापलीकडे खडकांची धार आणि खाली गाव. आठवडाभर पश्चिमेचा वारा सुटला होता. त्यानं माथ्यावरचा बर्फ खरवडून याच उताराच्या डोक्यावर आणून टाकला होता. वरून नुसती गुळगुळीत, फुगीर गादी.

माहरुखनं कडेला पाऊल टाकलं. खाली ढब्ब असा पोकळ आवाज झाला आणि एक बारीक चीर सरसरत पुढे गेली. तिनं पाय मागे घेतला.

"वरच्या धारेनं वळसा घालू."

"म्हणजे अंधार होणार," इरज म्हणाला. "गावात आशचं गरम सूप उकळतंय आणि आपण वळसे घालत बसायचं?"

"वरचा थर खालच्याला धरून नाही, इरज. आवाज ऐकलास ना?"

"ताई, तुम्हाला कॅलेंडरमध्येसुद्धा बहमन कोसळताना दिसतो."

त्यांच्या भाषेत महिन्याचं आणि कोसळत्या बर्फाचं नाव एकच. शोले हसली. माहरुखलाही हसू आवरलं नाही, आणि तेवढ्यात तो निघालासुद्धा. अंगानं भारी माणूस, पण झपाझप पार गेला. काहीच झालं नाही. पलीकडच्या खडकावर चढून त्यानं काठ्या हलवल्या, "या आता" म्हणून हाक मारली.

शोले पाठपिशवी आवळू लागली. माहरुखनं पट्टा धरला.

"तो गेला म्हणून उतार पक्का होत नाही गं."

"मग वर्षभर टोमणे ऐकू त्याचे?"

"ऐक."

"ताई, तुला तो पहिल्यापासूनच आवडत नाही. आज बर्फाचं निमित्त."

माहरुखनं पट्टा सोडला. शोले इरजच्या पाऊलखुणांवरून निघाली.

ती मधोमध पोचली तेव्हा वर काहीतरी तडकलं. समोरचा उतार फरशा फुटाव्यात तसा फुटला आणि चालू लागला. शोलेनं पोहल्यासारखे हात मारले. मग पांढरा धुरळा, आणि तो बसल्यावर कुणीच नाही.

उताराचा उरलेला तुकडा अजून वर लटकलेला होता. तो बघूनही माहरुख उतरली. दुसऱ्याच्या गळ्यातल्या यंत्राचा ठाव घेणारं आपलं शोधयंत्र तिनं शोधावर लावलं आणि ते लगेच टिकटिकलं. ती बाणामागे धावली. अंतराचा आकडा भराभर उतरत होता. मान वर केली तर समोरून इरज धडपडत येत होता. यंत्र त्यालाच दाखवत होतं.

"तुझं बंद कर. शोलेचं ऐकू दे."

तो तसाच उभा राहिला. "आमच्या घरात एकच यंत्र आहे, ताई. मी पुढे चालणार होतो, म्हणून मी घातलं."

त्याचं बंद केल्यावर तिचं यंत्र गप्प झालं.

मग ती दोघं काठ्या खुपसत सुटली. काठी हातभर जाई आणि अडे. बर्फ सिमेंटसारखा आवळला होता. शोलेचा एक हातमोजा सापडला. तिथं फावड्यानं खणलं, फावडं वाकल्यावर हातांनी. खाली बर्फच.

गावकऱ्यांनी धुरळा पाहिला होता. ते लोखंडी गज घेऊन आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं वर नजर टाकली आणि सगळ्यांना मागे बोलावलं. "ते अजून यायचंय. आणखी माणसं नाही द्यायची त्याला."

इरजला दोघांनी ओढत नेलं. माहरुख आपण होऊन चालत बाहेर आली. म्हाताऱ्याचं खरं होतं. तिनंही हेच सांगितलं असतं. तरी प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, आपण शोलेवरूनच चाललोय.

रात्रीच्या थंडीनं वर लटकलेला बर्फ घट्ट गोठला. सकाळी गावकरी पुन्हा घळीत उतरले आणि दुपारपर्यंत त्यांनी शोलेला बाहेर काढलं, हातमोजा सापडला त्या जागेपासून उतारावर बरीच खाली. माहरुख काठावर उभी होती. इरज तिच्या शेजारी येऊन थांबला. गावकरी शोलेला चादरीत गुंडाळून उतरू लागले, तशी ती दोघं त्यांच्यामागून चालू लागली.