अठराच्या आत

मिस्त्री लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून लोखंडी दोराला वंगण चोळत होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हात कोपरापर्यंत काळे झालेले. त्यानं चिंधीला बोटं पुसली, दोन बोटांच्या चिमटीत फोन धरला आणि मान वाकडी करून कानाशी दाबला.

सल्लागार बाईंचा फोन होता. परदेशातल्या बायका, नवरे, मुलं इकडे आणायची कागदपत्रं करून देणं हे त्यांचं काम. बाई कधी लांबण लावत नसत. बायकोच्या पोलीस दाखल्याची मुदत शुक्रवारी संपतेय, त्याआधी अर्ज गेला नाही तर तिला पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

“शुक्रवारी दहाला या,” बाई म्हणाल्या. “आणि ठरवून या. मागच्या वेळेसारखं नको.”

मागच्या वेळी तो त्यांच्यासमोर पाऊण तास बसला होता आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठून आला होता. घरी नेमकं कुणाला विचारणार, हे बाईंनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकारच.

चौथ्या मजल्यावर कुणीतरी दारावर थाप मारून लिफ्ट कधी चालू होणार म्हणून ओरडलं. “पाच मिनिटं,” मिस्त्री म्हणाला. वीस वर्षं तो हेच उत्तर देत आला होता आणि लोकही त्याचा अर्थ अर्धा तास असाच घेत आले होते. पण त्या दिवशी दोर पुसून झाल्यावरही तो टपावरच बसून राहिला. वर मोटर बंद होती. खाली सहा मजले अंधार होता.

चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो एकटा होता. लग्नाचं वय याच्या हातून शाफ्टमध्ये पडलं ते पडलंच, असं त्याची थोरली बहीण अक्का चारचौघांत सांगायची आणि तोही हसायचा. मग कंपनीनं त्याला एका परक्या देशात पाठवलं. तिथं नवं इस्पितळ उभं राहत होतं, त्याला अकरा लिफ्ट बसवायच्या होत्या. जुन्या इमारतीच्या तळघरात धुलाईखातं होतं. तिथली चादरी वर नेणारी लहान लिफ्ट सारखी अडायची, आणि अडली की इस्त्रीच्या टेबलावरची एक बाई मिस्त्रीला बोलवायला यायची. यातल्या निदान दोन तक्रारी खोट्या होत्या, हे तिनं लग्नानंतर कबूल केलं.

तिला एक मुलगी होती. तेव्हा तेरा वर्षांची. शाळा सुटली की ती धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची. कामावरचे लोक त्याला ‘मिस्त्री’ म्हणून हाका मारतात हे ऐकून ते त्याचं नावच आहे अशी तिची समजूत झाली. पुढे खरं कळलं, तरी तिनं नाव बदललं नाही. नोंदणी कचेरीत लग्न लागलं तेव्हा साक्षीदार म्हणून धुलाईखात्याची मुकादम बाई आणि क्रेनवाला होते; आणि ही पोर मध्ये उभी राहून दोघांच्या सह्या नीट आल्यात का हे वाकून बघत होती. चार महिन्यांनी अकरावी लिफ्ट चालू झाली, काम संपलं, आणि कामाबरोबर मिस्त्रीचा तिथं राहायचा परवानाही संपला. त्याला दीड वर्ष झालं होतं.

सल्लागार बाईंनी त्याला सगळं कागदावर पेन्सिलीनं मांडून दिलं होतं. तो कागद घडी घालून त्याच्या खिशात असायचा.

पहिला अर्ज फक्त बायकोचा. पाच-सहा महिन्यांत निकाल. ती आली की तिनं इथं वर्षभर सलग राहायचं. वर्षाच्या आत देशाबाहेर गेली की फाइल बंद. वर्ष भरलं की तिला मुलीसाठी अर्ज करता येईल, मुलगी तेव्हा अठराच्या आत असली तर. दुसरा अर्ज दोघींचा एकत्र. त्याला दोन वर्षं. निकालाच्या दिवशी मुलीला अठरा पूर्ण झालेली असली, तर तिचं नाव गळणार आणि आई एकटीच येणार.

मुलीला अठरा पूर्ण व्हायला चौदा महिने होते.

मिस्त्रीनं हे गणित कितीदा तरी करून पाहिलं होतं. कुठल्याही टोकाकडून मोजलं तरी पोर दाराबाहेरच राहत होती. पहिल्या अर्जात चार महिन्यांनी, दुसऱ्यात दहा. आपणच तिकडे जावं म्हटलं, तर तिकडेही असेच अर्ज होते आणि नवरा म्हणून गेलेल्याला तीन वर्षं कामाची मुभा नव्हती.

“दुसरा अर्ज कधी लवकर लागतच नाही का?” त्यानं बाईंना विचारलं होतं.

बाईंनी चष्मा काढून पुसला होता. “तेरा महिन्यांत लागलेला मी पाहिलाय. एकदा. अकरा वर्षांत एकदा.”

हे त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर वाटत राहिलं. त्या एकदामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी अक्का शेंगा सोलत बसली होती. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची आणि घर तिच्या शब्दावर चालायचं. मिस्त्रीनं बाईंचा निरोप सांगितला. अक्काचं मत पहिल्यापासून पक्कं होतं: बायकोला आधी आणावं, पोरीचं पुढे काहीतरी होईल. तिकडे पोरीला आजी आहे, मामा आहे, अगदीच रस्त्यावर तर पडणार नाही. आजीला धड ऐकू येत नव्हतं, आणि मामा शुद्धीवर असला म्हणजे सज्जन होता. हे मिस्त्रीनं अक्काला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

अक्काचे हात थांबले. 

“मग त्या कचेरीतल्यांना हे सांग ना,” ती म्हणाली. “माणसंच आहेत ना ती?”

“अर्जात तसा रकाना नाही, अक्का.”

तिनं एक शेंग उचलली, तशीच परत टोपलीत टाकली आणि उठून आत गेली.

बायकोशी तो रोज बोलत असे, तिच्याच भाषेत, मोडकंतोडकं. गेले काही आठवडे त्यांचं बोलणं एकाच जागी येऊन अडत होतं. तो म्हणे, तू सांग. ती म्हणे, तू सांग. मुलगी तिची, म्हणून त्याला बोलायचा धीर होत नव्हता. नियम त्याच्या देशाचे, म्हणून तिला होत नव्हता. एकदा चिडून ती म्हणाली होती की तुमच्या देशाला आई हवी असेल तर तिच्यासोबत काय काय येतं हे ठाऊक नाही का. मग लगेच तिनं माफी मागितली होती, जणू नियम त्यानंच केले होते आणि आता त्याला वाईट वाटलं असेल.

गुरुवारी फोन मुलीनं उचलला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग तिची हनुवटी, मग ती.

“मिस्त्री, पहिला अर्ज,” ती म्हणाली.

“आई कुठंय?”

“इथंच आहे. ऐकतेय. मी सगळे नियम वाचलेत, तुम्ही दोघांनी मिळून वाचले असतील त्याहून जास्त. दुसऱ्यात मी येत नाही ते नाहीच, वर आई दोन वर्षं अडकते. पहिल्यात निदान ती तरी सुटते.”

‘सुटते’ हा शब्द तिनं सहज वापरला. मिस्त्रीनं मान खाली घातली. नखांतलं काळं वंगण निघालं नव्हतं, ते तो अंगठ्यानं कोरत राहिला.

“आणि तू?”

“मी काय,” ती म्हणाली, “अठरा वर्षांची होईन.”

मग ती शाळेतल्या कुठल्याशा बाईंची नक्कल करून दाखवू लागली, आणि मिस्त्री हसला, कारण तिला ते हवं होतं. पडद्याच्या एका कोपऱ्यात बायकोची पाठ दिसत होती. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मुलगी फोन तिच्याकडे न्यायला लागली तशी तिनं हातानंच नको म्हटलं.

शुक्रवारी दहाला तो सल्लागार बाईंच्या कचेरीत गेला. खाली चपलांचं दुकान होतं, वर जिन्यापर्यंत कातड्याचा वास येत असे. पहिला अर्ज, तो म्हणाला. बाईंनी कागदांची चळत त्याच्यासमोर सरकवली आणि फुल्या मारलेल्या जागी सह्या करायला सांगितलं. सातव्या पानावर एक प्रश्न होता: अर्जदाराची सोबत न येणारी अपत्ये किती? त्यापुढे चौकोन. मिस्त्रीनं त्यात एकचा आकडा काढला. आकडा जरा वाकडा आला. खोडून पुन्हा काढू का, त्यानं विचारलं. खाडाखोड चालत नाही, असू द्या, बाई म्हणाल्या.

सहा महिन्यांचे आठ झाले. मध्ये एकदा तिकडून फोटोचा आकार चुकला म्हणून कागद परत आले, एकदा इकडचा कारकून रजेवर गेला. मुलगी फोनवर दिसेनाशी झाली. विचारलं की बायको सांगे, अभ्यास करतेय, आंघोळीला गेलीय, मैत्रिणीकडे गेलीय. एकदा ती शेजारीच बसून ऐकत असावी असं मिस्त्रीला वाटलं, कारण बायको सांगतासांगता मध्येच बाजूला पाहून थांबली. मग एका सकाळी मंजुरी आली. अक्कानं दोन दिवस खिडक्या धुतल्या.

मिस्त्रीनं सामानासाठी कंपनीची लिफ्टच्या मोटर वाहायची व्हॅन मागून घेतली होती. मागचा भाग झाडून त्यानं त्यात जुनी सतरंजी अंथरली. दुपारी तीनला विमान उतरलं. लोक ढकलगाड्यांवर खोक्यांचे मनोरे रचून बाहेर येऊ लागले. एकानं तर शिलाई मशीन आणलं होतं. बायको बरीच मागून आली. अंगात नवा कोट, खांद्याला एक पिशवी. मिस्त्री तिच्या मागे पाहत राहिला, ढकलगाडी कुणी दुसरं आणतंय का म्हणून.

मागून कुणी येत नव्हतं.

तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही. तो बारीक झालाय, ती म्हणाली. त्यानं पिशवी घेतली. दोन साड्यांचंही वजन नसेल तिला. पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला तिनं हात घातला, तेव्हा त्यात अडकवलेला कागद खाली पडला. मिस्त्रीनं वाकून उचलला. परतीचं तिकीट होतं. तारीख बावीस दिवसांनंतरची. त्यानं घडी घातली आणि कागद तिला दिला. तिनं घेतला. तिनं तो लपवायची धडपड केली नाही, आणि त्यानंही पाहिलं नाही असं दाखवलं नाही.

व्हॅन मोठ्या रस्त्याला लागली. मागची रिकामी सतरंजी वळणावर इकडून तिकडे घसरत होती.

“फाइल बंद होईल,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

सिग्नल पडला. पुढच्या बसमधून एक लहान मूल काचेला नाक लावून त्यांच्याकडे पाहत होतं.

“पोरीला ठाऊक आहे?”

“नाही.” ती बाहेर पाहत होती. “तिला वाटतंय मी कायमची राहायला गेले. माझी सगळी कपाटं तिनं स्वतः रिकामी केली, दोन मोठ्या बॅगा भरल्या. त्या मी स्टेशनजवळच्या मैत्रिणीकडे ठेवून आले.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “फोनवर सांगता आलं असतं. पण मला यायचं होतं.”

मिस्त्रीला पुष्कळ बोलायचं होतं. तिच्या भाषेत त्याला लिफ्टच्या सगळ्या भागांची नावं येत होती, भाज्यांची येत होती, आजारांची येत होती. हे बोलायला त्याच्याकडे शब्द नव्हते, आणि आपल्या भाषेत तरी ते असते का, याची त्याला खात्री वाटेना. त्यानं गियर टाकला. मग तिला रस्त्यावरच्या इमारती दाखवू लागला: ही माझी, हिच्यात दोन लिफ्ट, ती पलीकडची माझी, तिची तक्रार महिन्याला एकदा येतेच. ती प्रत्येक इमारत नीट पाहत होती, लक्षात ठेवायला सांगितल्यासारखी.

अक्का दारातच उभी होती. स्वागताचे दोन शब्द तिनं आठवडाभर पाठ केले होते; ते तिनं उलटसुलट म्हटले, आणि बायकोनं तिला मिठी मारली तेव्हा हात कुठे ठेवावेत हे न कळून ते हवेतच धरले. मग तिनं भावाच्या हातातली पिशवी पाहिली. त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं.

“सामान मागून येतंय का रे?”

“हो,” मिस्त्री म्हणाला. “मागून येतंय.”

काय विचारतायत, असं बायकोनं त्याला हळूच विचारलं. प्रवासात दमलीस का, असं विचारतेय, त्यानं सांगितलं. बायकोनं अक्काकडे पाहिलं, हसली आणि दोन-तीनदा जोरानं मान डोलावली.

अक्काचं समाधान झालं. ती लगबगीनं आतल्या खोलीत गेली. तिथल्या कपाटाचा वरचा कप्पा तिनं सकाळीच रिकामा करून पुसून ठेवला होता. आता एवढ्यानं काय होणार, असं पुटपुटत ती खाली बसली आणि दुसऱ्या कप्प्यातली स्वतःची पांघरुणं एकेक करून बाहेर काढू लागली. मिस्त्री पिशवी हातात घेऊन दारात उभा राहिला.