माझ्यात न लिहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. कंपनीच्या संचालकांच्या सभेत कोण काय बोलले, काय ठरले, ते माझ्यात लिहून ठेवतात. मला इतिवृत्ताची वही म्हणतात.

पेणच्या एका छापखान्यात मी तयार झाले. लाल कापडी पाठ, दोनशे पाने, प्रत्येक पानावर आकडा. पान फाडले तर लगेच कळावे म्हणून. तिथून मी रोह्याला, रंगांची रसायने बनवणाऱ्या एका कारखान्यात आले. नितेश नावाचा चिटणीस माझ्यात सुवाच्य अक्षरात लिही आणि सभा संपली की माझ्यावरची धूळ पुसून मला कपाटात ठेवी. माझ्या कामाचा मला अभिमान होता.

मालक दिनानाथशेठ हेच अध्यक्ष. त्यांची सून प्रणिता संचालक होती, पण नावापुरती. पुढे आलेल्या कागदावर ती न वाचताच सही करी.

मागच्या वर्षी पेणला संचालकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. शेठना वेळ नव्हता, त्यांनी सुनेला धाडले. सभेची वही सोबत आणा, असा निरोप होता, म्हणून मीही गेले. शिकवणाऱ्या वैशालीबाई मूळच्या हमरापूरच्या, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या गावच्या. त्यांनी माझी बरीच पाने उलटली आणि विचारले, "सहा वर्षांत एकाही संचालकाला एकही प्रश्न पडला नाही? आमच्याकडे गणपतीचे डोळे आखणारा माणूस श्वास रोखून आखतो. तुम्ही तर स्वतःचे डोळे मिटून सह्या करता. उद्या काही विपरीत घडलं, तर 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून सुटका नाही. पटलं नाही तर बोला, आणि बोललात ते वहीत लिहायला लावा."

प्रणिताचा हात माझ्यावर होता. माझी पाने उलटत तिने स्वतःच्या सह्या पाहिल्या.

परत आल्यावर पुढच्या सभेआधी ती पहिल्यांदा कारखान्यात फिरली. सभेला आली ती थेट विषयावरच. "मामंजी, वायू गळला की वाजणारा भोंगा दोन महिने बंद आहे. खांब गावचा निकेश त्याच विभागात काम करतो, त्यानं मला दाखवला. तो दुरुस्त होईपर्यंत तो विभाग बंद ठेवावा."

"दोन दिवस शिकून आलीस आणि आम्हाला शिकवतेस?" शेठ हसले. "पुढच्या सभेला बघू."

"मग माझा विरोध लिहून घ्या."

नितेशचे पेन माझ्यावर टेकले. शेठ म्हणाले, "नितेश, घरातलं बोलणं वहीत येत नसतं."

पेन थांबले. नितेशने दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि प्रणिताकडे पाहिले. तिने आणखी एकदा म्हटले असते, तर त्याने लिहिले असते. ती खाली बघत राहिली. मग तिनेही सही केली.

अकराव्या दिवशी भर दुपारी वायू गळला. भोंगा वाजला नाही. निकेश तिथेच कोसळला, तो उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला मागवले. त्या कोऱ्या जागेत त्यांनी नितेशकडून लिहून घेतले: 'विभाग बंद ठेवण्याचे ठरले. कामगार निकेश यास तशी ताकीद दिली.' मला ओरडता आले नाही. वहीला तोंड नसते.

चौकशीसाठी अधिकारी आले. प्रणिता सासऱ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "ही ओळ नंतरची आहे. असं काही ठरलंच नव्हतं. मी बोलले होते, पण लिहायला लावलं नाही. खाली सही माझीच आहे."

खटला उभा राहिला. आरोपींत शेठ, नितेश आणि तीही. घराचे दार तिला बंद झाले.

आता मी न्यायालयात लाखेच्या मोहोरेखाली असते. एका तारखेला मला बाहेर काढले, तेव्हा निकेशची बायको सगुणा पुढे आली.

"यात माझ्या मान्साचं नाव हाय?" तिने विचारले.

"आहे," प्रणिता म्हणाली.

"काय लिवलंय?"

प्रणिताने वाचून दाखवले. सगुणाने माझ्यावर बोट ठेवले. मग म्हणाली, "तू तवा बोललीस, व्हय ना? मंग गप का झालीस गो?"

प्रणिताने ते पान उघडेच ठेवले.

मित्रांनो, मोठेपणी कुणी तुमच्यापुढे अशी वही ठेवील. ती आधी वाचा. आणि तुमचे म्हणणे लिहून होत नाही, तोवर खुर्चीवरून उठू नका.