घाट आधी

जयाबाई नगरपंचायतीच्या अध्यक्षा झाल्या, तेव्हा गाव समजून चुकलं की खरे अध्यक्ष त्यांचे मालक, भरमू. जागा बायकांसाठी राखीव, म्हणून अर्ज बाईंच्या नावानं भरला, एवढंच. वर्षभर तसंच चाललं. सभेत बाई पदर सावरत बसायच्या, शेजारच्या खुर्चीवरून भरमू बोलायचे, बाई सही करायच्या. त्यांना त्याचं वाईटही वाटत नव्हतं. माणूस मायाळू होता.

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाआधीची नागरिकांची बैठक भरली. येणाऱ्या अनुदानात एकच मोठं काम बसत होतं, आणि सदलगा रस्त्यावर स्वागत कमान हे जवळजवळ ठरलेलं होतं. कमानीवर आप्पांचं, म्हणजे जयाबाईंच्या सासऱ्यांचं नाव येणार होतं. कसं दिसतंय म्हणून भरमूंनी ते कागदावर कितीदा तरी लिहून बघितलं होतं.

या बैठकीला एरवी कुत्रं फिरकत नाही. यंदा नदीकाठच्या गल्लीतल्या गुणाबाई आल्या. सत्तरी उलटलेली, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.

"घाटाच्या पायऱ्या निसटल्यात," त्या म्हणाल्या. "मी पडलो. उद्या दुसरी कोण पडंल. तेवढं बघा." इकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात.

"मावशी, घरात नळ आलाय की," भरमू समजुतीनं म्हणाले. "घाटावर कशाला जातासा?"

"नळापाशी कोण बोलतंय रं माझ्यासंगं?"

लोक हसले. जयाबाईंना हसू आलं नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या लग्न होऊन या गावात आल्या, तेव्हा पहिले तीन महिने त्या घाटावर रोज रडत होत्या. शेजारच्या दगडावर गुणाबाई असायच्या. त्यांनी कधी काही विचारलं नाही. फक्त जयाबाईंचा हुंदका वर आला की त्या आपली धुणी जोरजोरानं आपटायच्या, म्हणजे बाकीच्या बायकांना तो ऐकू जायचा नाही.

जयाबाईंनी मान वळवून इंजिनियर नीलमला विचारलं, "किती बिघडलाय घाट?"

नीलम हिंडलग्याची पोरगी, वर्षापूर्वी इथं बदलून आलेली. बाईंचा आवाज ऐकून ती क्षणभर गोंधळलीच. "दगड चांगले आहेत, मॅडम. खालची भर वाहून गेलीय. एकेक दगड नंबर घालून काढायचा, भर घालायची, आणि जिथला तिथं बसवायचा. नुसतं वरनं सिमेंट ओतलं तर पहिल्या पुरात उखडेल."

"पुढच्या वर्षी घेऊ," भरमू म्हणाले आणि कामांची यादी सहीसाठी पुढं सरकवली.

जयाबाईंनी पेन उचललं, परत खाली ठेवलं. "घाट आधी," त्या म्हणाल्या. "कमान मागनं बघू. सभेत मी मांडतो. नीलम, लिहून घे."

घरी भरमू जेवायला बसले. दोन घास झाल्यावर म्हणाले, "आप्पांचं नाव लागलं असतं गं."

"आप्पांच्या नावावर माझा राग न्हाय. पण लगीन झाल्यावर तीन महिने मी त्या घाटावर रडत होतो."

भरमूंचा हात ताटातच राहिला. "मला का सांगितलं न्हाईस?"

"तवा बोलायची सवय नव्हती."

 जेवून उठताना भरमूंनी जयाबाईंचं ताटही आपल्या ताटाबरोबर उचललं.

मार्चच्या सभेत ठराव दोन मतांच्या फरकानं मंजूर झाला. एका सदस्यानं जयाबाईंशी बोलणं टाकलं, ते त्यांना लागलंही. एप्रिलात नदी आटली आणि काम सुरू झालं. पहिल्याच सकाळी नीलम दगडांवर आकडे घालत होती, तेवढ्यात भरमू पांढरा रंग भरलेला डबा घेऊन पायऱ्या उतरले.

"आण तो ब्रश," ते म्हणाले. "माझं अक्षर बरं हाय."

आठवडाभर ते उन्हात बसून आकडे काढत होते. गुणाबाई वरच्या कट्ट्यावरून "त्यो वाकडा आला" म्हणून चुका दाखवायच्या, आणि हे निमूटपणे पुसून पुन्हा काढायचे.

पावसाच्या आधी घाट उभा राहिला. नारळ गुणाबाईंनी फोडला, उजवा हात अजून अवघडलेला म्हणून डाव्या हातानं.

त्याच आठवड्यात एका ठेकेदारानं गटारीच्या कामासाठी भरमूंना फोन केला. भरमूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"थांबा," ते म्हणाले, "अध्यक्षांना देतो." आणि भाकरी थापणाऱ्या जयाबाईंच्या कानाला फोन लावून ते तसेच वाकून उभे राहिले.