शरणु म्हणणारा कर्णा

मी एक जुना, पोचे पडलेला कर्णा आहे, मित्रांनो. लाउडस्पीकरचा कर्णा. स्वभावाने मी संशयी आहे आणि त्याला कारण आहे. माइकपुढे देवाचे नाव घेणारा माणूस माइक बंद झाल्यावर काय बोलतो, ते मी खांबावरून कितीदा तरी ऐकले आहे. दाखवायचे दात मला लांबूनच ओळखू येतात.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. स्वातंत्र्य मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या चन्नाप्पाने मला कोल्हापुरात आणले. तो घरी कानडी बोले, पेठेत मराठी, आणि माझी बडदास्त नव्या जावयासारखी ठेवी. लग्ने, उरूस, भजने, कुस्त्यांची मैदाने, मी सगळीकडे गेलो. कार्यक्रम कोणताही असो, आवाज मोठा करणारे मशीन तापले की चन्नाप्पा माइकवर आधी म्हणे, "शरणु शरणार्थी!" त्याच्या लिंगायत घरातला तो नमस्कार. तो कानावर पडला की पेठेतल्या बायका चुलीवरचा तवा उतरवून निघत. काय सुखाचे दिवस होते ते!

मग छप्पन साल उजाडले. मराठी राज्यासाठी सभा होऊ लागल्या. सीमेवरच्या गावांवरून मराठी-कानडी मने गढूळ झाली. मागच्याच सभेत पोलिसांनी माणसे उचलली होती, त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघे. चन्नाप्पाने मात्र मला आपणहून सभेला नेले. त्यालाही ते राज्य हवे होते.

तालमीपुढच्या पटांगणात सभेची व्यवस्था आकारामकडे होती. तो चन्नाप्पाच्या कानाशी लागला.

"चन्नाप्पा, आज तुमचं ते शरणु-बिरणु नको. सभा मराठीची हाय. लोकं काय म्हणतील?"

"कुठली लोकं, आकारामअण्णा? आजवर कुणी काय म्हटलं न्हाय की."

"दिस वाईट हाईत. उगं संशय नको."

चन्नाप्पाचा चेहरा उतरला. मला आकारामचा राग आला आणि ऐकून घेणाऱ्या चन्नाप्पाचाही आला. त्याने माइक घेतला आणि शाळेत धडा वाचावा तसे म्हटले, "मराठी बंधुभगिनींनो, सभेस यावे."

पटांगण मोकळेच राहिले. त्याने पुन्हा पुकारले, तर उघडी होती ती दारेही लागली! पाहुणे वक्ते घड्याळ बघू लागले. शेवटी भाजीवाली धोंडुबाई कोपऱ्यावरून बिचकत डोकावली.

"व्हय रं आकाराम, कोन बोलतंय ह्ये? शरणु न्हाय ऐकू आलं. चन्नाप्पाला धरून न्हेलं आन् पोलिसच बोलवाय लागल्यात, असं वाटलं की समद्यास्नी!"

आकारामने मान खाली घालून माइक पुढे केला. "म्हणा की चन्नाप्पा. तुमचं ते."

चन्नाप्पाने म्हटले. दारे उघडली, पटांगण भरले, टाळ्याही पडल्या. आकाराम तर सगळे विसरूनही गेला.

पण मित्रांनो, चन्नाप्पा विसरला नाही. त्या दिवसापासून तो शरणु म्हणण्याआधी चारी बाजूंना बघू लागला. पुढे कोण बसले आहे, मागे कोण उभे आहे. मग हळूच म्हणे. माझ्या पत्र्यातून तो आवाज मोठा होऊन जाई, पण मोकळा होऊन कधीच गेला नाही.

आज मी माळ्यावर पडून आहे. माझी धूळ कोणी पुसत नाही, त्याचे वाईट वाटते. पण पत्र्याचा पोचा ठोकून काढता येतो, चन्नाप्पाच्या आवाजाला पडलेला नाही. तुमच्याकडे एवढेच मागतो: तुमच्या गल्लीत कोणी आपल्या भाषेत, आपल्या देवाच्या नावाने नमस्कार केला, तर त्याच्यावर आधी इकडेतिकडे बघण्याची वेळ आणू नका.